ट्रॉलीच्या टायरवरील आकडा

जांभ्याचे चिरे भरून देवरूखच्या रस्त्याने जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली आपल्यापैकी कोणी पाहिली नाही? परंतु तिच्या टायरच्या कडेवर उमटविलेला आकडा वाचणारा विरळाच. गेल्या उन्हाळ्यात साखरप्याच्या बाजूस अशाच एका ट्रॉलीचा टायर फुटून चिरे रस्त्यावर विखुरले. चिऱ्यांवर बसून येणारी दोन मुले थोडक्यात बचावली. ती आपल्याच वयाची होती, विद्यार्थिमित्रांनो, म्हणून हा विषय हाती घेतला.

टायरवर मापापुढे ११० असा अंक व त्यास लागून एक अक्षर असते. हे ११० किलो नव्हेत! तो कोष्टकातील क्रमांक होय. १०० म्हणजे ८०० किलो, ११० म्हणजे १०६०, १२० म्हणजे १४००. अक्षर वेगाची मर्यादा सांगते.

आता गणित मांडू. चार टायर ११० क्रमांकाचे, म्हणजे एकंदर ४२४० किलो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन १२०० किलो धरले, तर उरले ३०४०. एक चिरा ३० किलोंचा मानल्यास शंभर चिरे झाले की मर्यादा संपली. दीडशे भरले तर प्रत्येक टायरवर १४२५ किलो येतात. आणि तेही भार सारखा वाटला गेला तर! मागील बाजूस अधिक रचला, अथवा चाक खड्ड्यात गेले, की एकट्या टायरवर याहूनही जास्त. शिवाय जांभा सच्छिद्र; वळवाच्या पावसात भिजला म्हणजे चिरे तितकेच, वजन मात्र वाढलेले.

वस्तुतः हा भार रबर पेलीत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली ज्या हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, ते त्याने मुलाच्या तीनचाकीसाठी केले होते. तत्त्व आजही तेच. दर चौरस सेंटिमीटरास ४ किलो दाब असेल, तर १०६० किलोंसाठी अदमासे २६५ चौरस सेंटिमीटर टायर जमिनीस टेकतो, म्हणजे आपल्या वहीच्या पानाहूनही लहान जागा. हवा कमी झाली की टायर पसरतो, प्रत्येक फेऱ्यास त्याची कड दुमडते व उलगडते, त्यामुळे आतील धाग्यांचे थर तापून रबरापासून सुटतात. यास्तव टायरवरील आकडा खरा ठरतो तो नेमून दिलेला दाब असेल तरच. तो दाब सकाळी, टायर थंड असता मोजावा. चालून तापलेल्या टायरात तो वाढलेला दिसतो, आणि ती वाढ पाहून हवा सोडणारा चालक टायर थंड झाल्यावर कमी दाबावरच ट्रॉली हाकीत असतो.