अनंतस्पर्शी रेषा

चंदगडहून बेळगांवास काजूचीं पोतीं न्यावयाचीं आहेत. समजा, ट्रकचें भाडें २००० रुपये व हमाली दर पोत्यास ३० रुपये ठरली. क्ष पोतीं नेल्यास दर पोत्यामागें खर्च ३० + २०००/क्ष रुपये पडेल. वीस पोत्यांस तो १३०, शंभरांस ५०, दोनशांस ४०. पोतीं कितीही वाढविलीं तरी खर्च ३० वर येणार नाहीं. मात्र ३० च्या हवा तितका जवळ जाईल. (ट्रकमध्यें जागा किती, हें पालकांनीं आम्हांस विचारूं नये!) आलेखावरील य = ३० ही आडवी रेषा या वक्राची अनंतस्पर्शी रेषा होय.

बहुपदीस बहुपदीनें भागून जें फलन मिळतें त्यास परिमेय फलन म्हणतात. छेद जेथें शून्य होतो तेथें उभी अनंतस्पर्शी रेषा असते, असें विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितात; आणि येथेंच ते फसतात. पुढील उदाहरण घ्या :

य = (क्ष² − क्ष − ६) / (क्ष² − ९)

छेद ३ व −३ या दोन ठिकाणीं शून्य होतो, म्हणून उत्तरपत्रिकेंत बहुधा दोन रेषा ओढलेल्या दिसतात. परंतु आधीं अवयव पाडावे. अंश (क्ष − ३)(क्ष + २), छेद (क्ष − ३)(क्ष + ३). समान अवयव काढिला कीं (क्ष + २)/(क्ष + ३), म्हणजेच १ − १/(क्ष + ३) उरतें. क्ष जसजसा ३ च्या जवळ जातो तसतसा य मुकाट्यानें ५/६ कडे जातो. तेथें रेषा नाहीं, केवळ एका बिंदूची उणीव आहे. तो बिंदु पोकळ वर्तुळानें दाखवावा; कारण अवयव काढिला तरी मूळ फलनास क्ष = ३ असतां किंमत नाहींच.

−३ ची गोष्ट निराळी. क्ष = −२.९९ घेतल्यास य = −९९; क्ष = −३.०१ घेतल्यास य = १०१. अंतर दोन शतांशांचें, आणि वक्राची एक शाखा पाताळांत तर दुसरी आकाशांत! भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या बीजगणितांत शून्यानें भागलेल्या राशीस ‘खहर’ असें नांव देऊन ती अनंत मानिली. आलेख पाहतां मात्र दिसतें कीं, त्या स्थळीं जावयास दोन वाटा आहेत व त्या विरुद्ध दिशांस जातात. मग अनंत म्हणावें तें कोणतें, वरचें कीं खालचें? म्हणूनच सांप्रतच्या बीजगणितांत शून्यानें भागाकार करीत नाहींत.

आडव्या रेषेविषयीं एवढेंच : अंश व छेद यांचे घात सारखे, सहगुणक १ व १, म्हणून ती य = १. आडव्या रेषेस वक्र कधींच छेदीत नाहीं, ही समजूतही खोटी; क्ष/(क्ष² + १) याचा वक्र य = ० या आपल्या अनंतस्पर्शी रेषेस आरंभबिंदूंतच छेदितो.

आतां य = (क्ष² − ४)/(क्ष² − क्ष − २) याचा आलेख घरीं काढावा, व पोकळ वर्तुळ कोठें पडतें तें आम्हांस दाखवावें.