रस्ता कोणाचा?

बसच्या खिडकीजवळ बसून तुम्ही कधी समोरची वाहने मोजली आहेत का? शाळेची वेळ होत आलेली असते आणि बस जागची हलत नाही. पुढे मोटारींची लांबच लांब रांग असते. बहुतेक मोटारींत एक किंवा दोन माणसे दिसतात. बसमध्ये मात्र साठ जण दाटीवाटीने उभे असतात. साठ माणसे एका माणसासाठी थांबून राहतात!

आता वही घ्या आणि एक हिशेब मांडा. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरू. (अर्धा माणूस फक्त हिशेबापुरता!) मग साठ माणसांना चाळीस मोटारी लागतील. एक मोटार सुमारे चार मीटर लांब असते. दोन मोटारींमध्ये एक मीटर अंतर सोडले, तर ही रांग दोनशे मीटरची होईल. साठ माणसांची बस मात्र बारा मीटरमध्ये मावते. म्हणजे रस्त्यावर गर्दी माणसांची कमी आणि पत्र्याची जास्त असते.

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, “रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा.” मुंबईत मोहम्मद अली रोडवर २००२ साली सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल सुरू झाला. वरून जाणाऱ्यांची सोय झाली. पण पुलाखालच्या रस्त्यावर आजही हातगाड्या, टॅक्सी, बस आणि माणसे यांची दाटी आहेच. शिवाय रस्ता मोकळा झाला, की “आता मोटारीनेच जाऊ” असे आणखी लोकांना वाटते आणि तोही भरून जातो.

मग दुसरा मार्ग कोणता? त्यासाठी आपल्याला दूर ब्राझील देशातल्या कुरितिबा शहरात जावे लागेल. १९७० च्या सुमारास तेथे सहा लाख लोक राहत होते. शहर वेगाने वाढत होते, पण जमिनीखालून रेल्वे नेण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. १९७१ साली जैमे लर्नर नावाचे वास्तुरचनाकार तेथील महापौर झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी भर बाजारपेठेतला एक रस्ता मोटारींना बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचे ठरवले. दुकानदार संतापले. कोर्टकचेरी होण्याआधी काम उरकावे म्हणून शुक्रवारी संध्याकाळी फरशी बसवायला सुरुवात झाली आणि सोमवारी रस्ता तयार झाला!

मोटारवाले गप्प बसले नाहीत. सगळ्यांनी मिळून त्या रस्त्यावर मोटारी घुसवायच्या, असा बेत त्यांनी केला. पण तेथे त्यांना काय दिसले? रस्त्याच्या मधोमध कागदाच्या लांब पट्ट्या अंथरल्या होत्या आणि तुमच्याएवढी आणि तुमच्याहून लहान मुले त्यांवर रंगीत चित्रे काढत बसली होती. मोटारी आल्या तशा परत गेल्या. पुढे पायी येणारी गिऱ्हाइके वाढली, तेव्हा आधी विरोध करणाऱ्यांचेही मन बदलले.

१९७४ साली त्याच शहरात मोठ्या रस्त्यांच्या मधोमध फक्त बससाठी वेगळी वाट राखून ठेवली गेली. तेथे मोटारींना मज्जाव होता. १९९१ मध्ये काचेच्या नळीसारखे बसथांबे आले. प्रवासी नळीत शिरतानाच भाडे देतात. नळीची जमीन आणि बसची जमीन एकाच उंचीवर असते, त्यामुळे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. दारे उघडतात, माणसे भराभर चढतात-उतरतात आणि बस निघते. वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांनाही हे सोयीचे पडते. १९९२ मध्ये तीन भाग जोडलेल्या लांब बस आल्या. अशा एका बसमधून २७० माणसे जाऊ शकतात.

या शहरात सारे काही सुरळीत आहे, असे मात्र समजू नका. तेथेही मोटारी पुष्कळ वाढल्या आणि गर्दीच्या वेळी बसमध्ये रेटारेटी होऊ लागली. आपल्याकडे पुण्यात २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी वेगळी वाट आखली गेली. तेथे खरी अडचण निराळीच होती: मोकळी वाट दिसली, की दुचाकी आणि रिक्षा त्यात शिरत. वाट आखणे सोपे, ती राखणे अवघड!

“रस्ता”, “शहर”, “बाजार” हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. तेव्हा पुढचे काम करताना शब्दांची अडचण नको. उद्या सकाळी एखाद्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर शाळेजवळच्या पदपथावर दहा मिनिटे उभे राहा. वहीत दोन रकाने करा. एकात किती वाहने गेली ते लिहा, दुसऱ्यात त्यांत किती माणसे होती ते लिहा. पायी जाणाऱ्यांना विसरू नका. त्यांच्यासाठी तिसरा रकाना करा. मग वही वर्गात आणा आणि फळ्यावर सर्वांचे आकडे एकाखाली एक मांडा.