काटा, सूज आणि पांढऱ्या पेशी

मुलांनो, 'जखम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. फारसीतून तो उर्दूत आला, तसाच मराठीतही आला आणि घरचाच होऊन गेला. आज आपण एका लहानशा जखमेची गोष्ट पाहू.

कल्पना करा, वसई तालुक्यातील उमेळे गावी तुम्ही मामूंकडे राहायला गेला आहात. शेताच्या बांधावरून अनवाणी चालताना तुमच्या टाचेत बाभळीचा काटा घुसतो. तुम्ही तो उपटता, पण टोक आतच मोडते. घरचे रागावतील म्हणून तुम्ही गप्प बसता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहता, तर टाच लाल झाली आहे, सुजली आहे. हात लावला तर गरम लागते आणि आतून सारखी ठसठसते.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. या अवस्थेला 'दाह' म्हणतात. सूज म्हणजेच आजार असे आपल्याला वाटते. पण तेथे काय चालले आहे, हे प्रथम एका माशासारख्या दिसणाऱ्या नव्हे, तर एका ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याने दाखवून दिले. त्याचे नाव तारामासा!

१८८२ साली एली मेचनिकॉफ हे रशियन शास्त्रज्ञ इटलीतील मेसिना या गावी राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली. मेचनिकॉफ मात्र सूक्ष्मदर्शक घेऊन घरीच बसले. तारामाशाची पिले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात हिंडणाऱ्या पेशी ते पाहत होते. त्यांच्या मनात आले, बाहेरून काही शरीरात घुसले, तर या पेशी त्याच्याकडे धावतील काय? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि ते त्या पिलांच्या अंगात टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहिले, तर काट्यांभोवती पेशींची गर्दी जमलेली होती! या शोधकार्याबद्दल त्यांना १९०८ साली पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले. त्यांनी येथे प्लेगची लस तयार केली आणि १८९७ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची आहे.

आता पुन्हा तुमच्या टाचेकडे वळू. तेथे इजा झालेल्या पेशी आणि काट्याबरोबर आत शिरलेले जंतू काही रसायने सोडतात. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. जास्त रक्त येते, म्हणून टाच लाल व गरम होते. रक्तातील पाणी बाहेर झिरपते, म्हणून ती सुजते. रक्तवाहिनीची भिंत आतून चिकट होते. रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या भिंतीवर घरंगळतात, थांबतात आणि भिंतीतील फटीतून अंग चोरून बाहेर पडतात.

पण काटा कोणत्या दिशेला आहे, हे त्यांना कसे कळते? त्यांना ना डोळे, ना नाक. गल्लीत कोणाच्या घरी सुके बोंबील भाजत असले, की तुम्ही वासावरून ते घर शोधता. वास वाढला, तर पुढे जाता. कमी झाला, तर मागे वळता. पांढऱ्या पेशीला तेवढेही हिंडावे लागत नाही. तिच्या अंगभर रसायन ओळखणारे सूक्ष्म रेणू असतात. ज्या बाजूला रसायन जास्त, त्या बाजूला ती पायासारखा फुगवटा काढते आणि मागचा भाग ओढून घेते. अशी ती सरकत जाते. तिचा वेग मिनिटाला सुमारे एक शतांश मिलिमीटर असतो. म्हणजे एक मिलिमीटर जायला तिला दीड तासाच्या वर लागतो! तेथे पोचल्यावर ती जंतूंना गिळते आणि स्वतःही रसायने सोडून आणखी पेशींना बोलावते. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः अशा लढून मेलेल्या पेशीच होत. तो दाबून काढू नका. जंतू आणखी खोल जातात. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

हाच काटा तुमच्या नानांना लागला आणि त्यांना मधुमेह असला, तर मात्र गोष्ट निराळी होते. मधुमेह जुना झाला, की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. काटा लागला हेच कळत नाही. रक्तातील साखर फार वाढलेली असली, की पांढऱ्या पेशीही मंदावतात. बोलावणे जाते, पण मदत उशिरा पोचते. लहानशी जखम चिघळते आणि कधी कधी पाय कापण्याची वेळ येते.

म्हणून तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल, तर रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे दिव्याच्या उजेडात नीट पाहा. बोटांच्या बेचक्यांतही पाहा. जो काटा त्यांना जाणवला नाही, तो तुम्हांला दिसेल.