आधी मागची चाकं बघा

प्रश्न : नोकरीनिमित्त नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, स्लाऊला राहतो. जवळच एक प्यूजो 205 जीटीआय विकायला आहे. 1989 सालची, 1.9 लिटरची, लाल. फोटोत अगदी नवी दिसते. माझे बाबा कल्याणच्या प्यूजो कारखान्यात होते, त्यामुळे या नावाचं घरात प्रेम आहे. पण मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. बघायला जाताना नेमकं काय बघू?

उत्तर : फोटोतला रंग आधी विसरा. गाडी सपाट जागेवर उभी करायला सांगा, दहा पावलं मागे जा आणि उकिडवे बसून मागची दोन्ही चाकं बघा. ती सरळ उभी हवीत. वरून आत कललेली, फेंगडी दिसली तर अ‍ॅक्सल गेलेला आहे असं धरून चाला. या गाडीचं हे जुनं दुखणं. मागची चाकं ज्या दोन दांड्यांवर बसतात, त्या दांड्या आडव्या नळीच्या टोकांना सुयांसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर हलतात. सील फाटलं की पाणी शिरतं, बेअरिंग गंजतं आणि ते रोलर शाफ्टच खायला लागतात. वेळेत सापडलं तर बेअरिंगवर भागतं, नाहीतर अख्खा अ‍ॅक्सल उतरवून नव्याने बांधावा लागतो. डिकीवर जोर देऊन दाबून पाहा. कुरकुर आली किंवा गाडी हललीच नाही, तरी निदान तेच. बाबांना विचारा, त्यांना हे पटकन कळेल. 1990च्या दशकात कल्याणला जी 309 बनायची ती 205चं सख्खं भावंडच. तिची दारंसुद्धा 205चीच.

मग गाडीखाली वाका. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पत्रा खालून कुजतो. दारांखालची पट्टी, डिकीची तळाची कड, पेट्रोल टाकीभोवतीचा भाग हे बोटांनी चाचपा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर मला तो गंजापेक्षाही संशयास्पद वाटतो.

गाडी खरंच 1.9 आहे का, हेही बघा. 1.6मध्ये नंतर 1.9चं इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. मूळ 1.9ला मागेही डिस्क ब्रेक आणि 15 इंची चाकं असतात, 1.6ला मागे ड्रम आणि 14 इंची. अर्थात चाकं बदलता येतात, म्हणून चॅसी नंबर कागदपत्रांशी ताडून घ्या.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं, हे मालकाला आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा; गरम लागलं तर का, ते विचारा. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याला साधं पाणी चालत नाही. कूलंट गंजकट तपकिरी असेल तर हयगय झालेली आहे. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा, तोंडी हवाला नको. चालवताना पाय काढून पुन्हा दाबल्यावर मागे निळा धूर दिसला तर तेल जळतंय. दुसरा गिअर घालताना कचकच होते का, तेही पाहा. आणि एक विनंती : वळणावर वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलू नका. जेमतेम नऊशे किलोच्या या गाडीची मागची बाजू तेवढ्याने बाहेर फेकली जाते. 130 अश्वशक्तीची ही गंमत सवयीच्या हातांसाठी आहे.

अ‍ॅक्सल खराब निघाला तर भाव पाडून घ्या, तो दुरुस्त होतो. खालचा पत्रा कुजला असेल तर चहा पिऊन परत या.

यातलं निम्मं काम घरबसल्या होतं. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनच्या वार्षिक एमओटी तपासण्या फुकट दिसतात : दरवर्षीचे मैल, नापास झाल्याची कारणं, गंजाबद्दलच्या सूचना. चाळीस वर्षं झालेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची नसते, पण तुमच्या गाडीला त्यासाठी 2029 उजाडावं लागेल. म्हणजे अलीकडची नोंद असायला हवी. तेव्हा आजच फोन करून नंबर मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर स्लाऊहून निघूच नका.