कोटणीसांच्या चिनी नावावरच्या तीन रेघा

प्रश्न : माझी मुलगी चिनी भाषेचा वर्ग करते. वर्गासाठी तिने चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांवर संगणकावर एक पान लिहिलं. चिनी अक्षरं भराभर टाइप झाली. पण रोमन लिपीतल्या उच्चारांवर रेघा देताना ती अडली. दुकानातून छापून आणलं, तर काही ठिकाणी नुसते चौकोन. अवघड ते सोपं आणि सोपं ते अवघड, असं कसं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चिनी माणूस दिवसभर पिनयिन टाइप करतो, पण पिनयिन लिहीत नाही. सगळं त्यामुळे होतं. चिनी उच्चार रोमन अक्षरांत मांडायची ही पद्धत चीनने ११ फेब्रुवारी १९५८ रोजी अधिकृत केली. शाळेत मुलं सुरुवातीलाच ती शिकतात, आणि तिच्या आधाराने चिनी अक्षरं. संगणकावरही तिचं काम तेवढंच, म्हणजे शिडीचं.

कोटणीसांचंच नाव घ्या. चीनमध्ये ते ‘के दिहुआ’ म्हणून ओळखले जातात. रोमन कळांनी नुसतं ‘दि’ टाइप केलं की पडद्यावर त्या उच्चाराच्या अक्षरांची रांग येते. जमीन, धाकटा भाऊ असे नेहमीचे अर्थ पुढे, आणि कोटणीसांच्या नावातलं, एका झाडाच्या नावाचं ‘दि’ बरंच मागे. हवं ते आकड्याची कळ दाबून निवडायचं. तिन्ही अक्षरं सलग टाइप केली तर रांग पुष्कळ आखडते, कारण सॉफ्टवेअर सुटं अक्षर न बघता अख्खा शब्द जुळवतं. आपण रोमन कळा दाबून मराठी उमटवतो तेव्हा उच्चार ठरला की अक्षर ठरलं. चिनीत मात्र स्वराघात सोडले तर जेमतेम चारशे उच्चार आहेत आणि अक्षरं हजारो, त्यामुळे निवड टळत नाही. निवड झाली की टाइप केलेली रोमन अक्षरं पुसली जातात. रेघा द्यायची वेळच येत नाही, म्हणून रोजच्या चिनी कीबोर्डवर त्यांची सोय ठळकपणे केलेली नसते.

शिकणाऱ्याला मात्र त्या रेघाच हव्या असतात. आडवी रेघ म्हणजे उंच, सपाट सूर, मग चढती, खाली जाऊन वर येणारी टोकदार खूण, आणि उतरती. ‘मा’वर पहिली दिली तर आई, तिसरी दिली तर घोडा. यांतल्या बऱ्याच खुणा युरोपीय भाषांतही असल्याने साध्या फॉन्टमध्ये सापडतात. ‘के दिहुआ’वरच्या तिन्ही, आडवी, उतरती आणि चढती, सहसा नीट छापल्या जातात. अडतं ते दुसरीकडे. ‘मुलगी’ या अर्थाच्या चिनी शब्दात यू या अक्षरावर दोन टिंबं असतात आणि त्या टिंबांवर पुन्हा तिसऱ्या सुराची खूण. फॉन्टमध्ये हे जोडचिन्ह नसलं की चौकोन येतो. तुमच्या घरी फॉन्ट होता, दुकानातल्या संगणकावर नसावा. पान पीडीएफ करून न्या, फॉन्ट त्यात घालून. मग चौकोन येणार नाहीत.

टाइप करायला मला सगळ्यात सोयीची वाटते ती आकड्यांची रीत. प्रत्येक उच्चारापुढे सुराचा क्रमांक लिहायचा, ‘के’ला एक, ‘दि’ला चार, ‘हुआ’ला दोन, आणि मजकूर पिनयिन रूपांतर करणाऱ्या साधनात टाकायचा. खूण कोणत्या स्वरावर बसवायची ते त्याला कळतं : ए किंवा ई असेल तर त्यावर, ओ-यू जोडीत ओवर, एरवी शेवटच्या स्वरावर. टिंबांच्या यूसाठी व्हीची कळ चालते, कारण पिनयिनला व्ही लागतच नाही. मॅकवर ‘एबीसी एक्स्टेंडेड’ हा कीबोर्ड निवडला की ऑप्शन कळीबरोबर ए, ई किंवा व्ही दाबून पहिल्या तीन खुणा मिळतात. वर्डमध्ये शून्य, एक, डी, ए टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, ‘मुलगी’तलं ते अवघड अक्षर समोर येईल. तिसऱ्या सुराची खूण टोकदारच घ्या. वाटीसारखी गोल खूण दिसायला जवळची असली तरी संगणकाच्या लेखी ते वेगळंच अक्षर आहे. शोधताना शब्द सापडणार नाही.

वर्ड चिनी अक्षरांच्या डोक्यावर पिनयिन आपोआपही छापतं. ती सोय जरूर वापरा, पण तपासून. एकच अक्षर ‘चालणे’ या अर्थी ‘शिंग’ वाचतात आणि बँक या शब्दात ‘हांग’. अशा जागी यंत्र चुकू शकतं.

आणि उच्चाराचं एक, कारण इथे मराठी घरातल्या मुलीला मोठा फायदा आहे. पिनयिनमधले बी, डी, जी म्हणजे आपले प, त, क. आणि पी, टी, के म्हणजे फ, थ, ख. हा फरक इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतो, आपल्या कानाला तो लहानपणापासून ठाऊक असतो. झेड तर थेट आपल्या ‘चोर’मधला च. तेव्हा पान मोठ्याने वाचताना तिला ‘के दिहुआ’ म्हणू देऊ नका. सूर उंच धरून ‘ख’, मग झटकन उतरणारं ‘ति’, आणि चढत जाणारं ‘ह्वा’.