जोडीदारासाठी खिशातला चाकू

जोडीदाराला रोज जवळ ठेवायला घडीचा चाकू द्यायचाय? मग नुसता सडपातळपणा बघू नका. उघडलेलं पातं कशावर टिकतं, ते आधी बघा.

व्हिक्टोरिनॉक्सचा ‘कॅडेट’ मिटल्यावर ८४ मिमी, चपटा. खिशात जाणवतही नाही. पण त्याचं पातं फक्त स्प्रिंगवर उभं राहतं. टोकाने भोक पाडायला गेलं, की ते बोटांवर मिटू शकतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये फिरवून बसवायची लॉक-रिंग आली. मात्र त्याची लाकडी मूठ गोल, म्हणून जाड.

तेव्हा फळं, पाकिटं कापायची तर कॅडेट. दोरी, लाकूड असेल तर लॉकवाला. कैरी-लिंबासाठी स्टेनलेस पातंच घ्या, कार्बन स्टील काळं पडतं. शेवटी दुकानात जोडीदारालाच न्या. उघडझाप त्याच हातांना जमायला हवी!