भोगवर्धन ते इगतपुरी : जागतिकीकरण आणि आपली धम्मजाणीव

जागतिकीकरण हा शब्द १९९१ नंतर आपल्या कानी पडू लागला. परंतु जालना जिल्ह्यास हा अनुभव नवा नाही. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरच्या उपासकांची नोंद आढळते. येथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आणि इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई नगरातील हस्तिदंती मूर्ती यांत विलक्षण साम्य आहे. ज्या वाटेने माल जाई, त्याच वाटेने धम्मही जाई.

आपल्या प्रांगणात फडकणारा पंचरंगी धम्मध्वजही असाच प्रवास करून आला आहे. तो १८८५ साली कोलंबोत सिद्ध झाला आणि त्याच्या आकाराविषयीची सूचना अमेरिकेहून आलेल्या कर्नल ऑल्कॉट यांची होती! १९५० साली श्रीलंकेतील जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला. त्या परिषदेस बाबासाहेब उपस्थित होते. पुढे १९५४ साली ते रंगूनच्या परिषदेस गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोड येथे त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूर येथे त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचेच. मात्र आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी कोठून आणल्या नाहीत. त्या येथील जातिव्यवस्थेकडे पाहून त्यांनी स्वतः रचल्या. जगाकडून घेतले, ते पारखून घेतले.

आज ही पारख सैल होत चालली आहे, असे आम्हांस वाटते. गावोगावच्या विहारांत थायलंडच्या घडणीच्या मूर्ती आल्या. त्यांविषयी तक्रार नाही. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून आणलेली विपश्यना १९७६ पासून इगतपुरीस शिकवली जाते आणि तिने अनेकांची व्यसने सुटली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु जगाच्या बाजारात ध्यान हे आता कामाचा ताण सोसण्याचे साधन म्हणून विकले जाते. तेथे दुःख एकट्याचे ठरते आणि त्याचे कारणही त्याच्याच मनात शोधले जाते.

आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हे त्यांचे दुःख आहे. त्यांना केवळ श्वासाकडे पाहण्यास सांगणे हा धम्म नव्हे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी भिक्खूविषयी प्रश्न उपस्थित केला आहे : तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हावा, की समाजाचा सेवक? हा प्रश्न आज ध्यान शिकवणाऱ्या प्रत्येक केंद्रास विचारावयास हवा आणि आम्हां शिक्षकांसही. हंगाम संपवून पालक मुलांना न्यावयास येतात, तेव्हा बहुतेकांची उचल फिटलेली नसते.